अकरावं नाव

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
३० ऑगस्ट २००९, रविवार

जनीवयनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र चुलीत घालणार असशील तर आधी एवढं वाच: समृद्धीने मला सगळं सांगितलंय. आता घालायचं तर घाल.

नाही ना घातलंस? मला माहीत होतं.

पत्र अशासाठी, की फोन केला तर तू ठेवतेस. शिवाय घरात मोबाइल एकच, तो शैलेशच्या खिशात, आणि शैलेश दिवसभर न्हावा शेव्याला ट्रेलरवर. ही बोलणी पोराच्या खिशातून करायची नाहीत. तू सातवी शिकलेली आहेस. मोठं अक्षर काढलंय, एकटी बसून वाच.

समृद्धी गौरीला घरी आली होती. माझ्याकडे राहून नर्सिंग शिकते म्हणून स्वतःच्या लेकीशी तू धड बोलत नाहीस, ते तुझं तू बघ. पण पोरीला डोळे आहेत, आणि आता तिसऱ्या वर्षाला आहे. तिने पाहिलं की आई पडवीत वेगळं अंथरूण घालते. उजाडायच्या आत फडकी धुऊन परसात वाळत टाकते, वर जुनी साडी पसरून. गौरीच्या पूजेला बसली नाही, 'मला चालत नाय' म्हणाली. आणि सुक्या मासळीची पाटी घेऊन बाजाराला जायचं गणपतीच्या आधीपासून बंद केलंय, पण ती रिकामी पाटी मात्र उशाशी ठेवते. का, ते समृद्धीला कळलं नाही. मला कळलं. बोंबील-सुकटीच्या वासाखाली दुसरा वास झाकतेस तू.

वयनी, तुझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली. पाळी गेल्यावर कपड्यावर एक थेंब जरी दिसला, तरी त्याला 'परत सुरू झाली' म्हणत नाहीत. त्याला दाखवायला जाणं म्हणतात. यात वाद नाही.

आमच्या ओपीडीत बाई येते आणि भिंतीकडे बघून सांगते, 'अंगावरून जातंय.' पांढरं गेलं तरी तेच, लाल गेलं तरी तेच. मग मला एकेक उकरून काढावं लागतं. दह्याच्या चोथ्यासारखं आणि खाज सुटते? मग ती बुरशी, औषधाने आठवड्यात जाते. साखर असली तर पुन्हा पुन्हा होते, म्हणून रक्त तपासायचं. हिरवट, फेसाळ? मग जंतू वेगळा, आणि गोळ्या नवऱ्यालासुद्धा, तो कितीही नाक मुरडो. एक बाई तर डेटॉलने आतून धूत होती, सगळं सोलून निघालेलं. तिला मी चांगली झापली. पाणी पुरतं गं बाई, साधं पाणी, आणि उन्हात वाळवलेलं सुती फडकं. सावलीत, साडीखाली लपवून वाळवलेलं नाही. ऐकतेस ना?

तुझं यातलं काही असेल असं मला वाटत नाही. माझा एक अंदाज आहे, पण तपासल्याशिवाय बोलणार नाही. ताप येतो का? ओटीपोटात दुखतं का? लघवीला जळजळतं का? उत्तरं पाठवू नकोस, स्वतःच ये. मंगळवारी आमच्या डॉक्टर कर्णिकबाई सकाळपासून असतात. उरणहून साडेआठची एसटी धर. स्टँडवर मी उभी असेन.

भामा

---

९ सप्टेंबर २००९

वयनी,

दोन मंगळवार स्टँडवर उभी राहिले. दुसऱ्या खेपेला कंडक्टरनेच विचारलं, "सिस्टर, कोणाची वाट बघता?" म्हटलं, माझ्या भावाच्या बायकोची, ती फार मोठी माणूस आहे, वेळ लागतो.

काल तुझी चिठ्ठी मिळाली. तीन वर्षांत तुझं पहिलं अक्षर, आणि ते असं: 'मी बरी हाय. तांबी इचारणाऱ्यांच्या दारात परत नाय यायची.'

दहा वेळा वाचली. मग समृद्धीला खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने शेजारच्या गुणाबाईकडून ऐकलेलं सांगितलं. जुलैमध्ये तू तिकडच्या एका दवाखान्यात गेली होतीस. तिथल्या पोरसवदा डॉक्टराने रांगेसमोर मोठ्याने विचारलं, "आत काही बसवलंय का? तांबी वगैरे?" आणि बाकावरच्या बाया हसल्या. आठ वर्षांपूर्वी नवरा गेलेल्या बाईला तांबी कशाला, असं त्यांच्या मनात आलं असणार. तू म्हणालीस, 'तांबी नाय, काय नाय,' आणि उठून चालती झालीस. केसपेपरसुद्धा तिथेच ठेवून.

मी असते तर त्या बाकावरच्यांची हजेरी घेतली असती. आणि त्या डॉक्टराची तर वेगळीच. बाईला असं विचारायचं असतं का? पडदा कशाला असतो?

पण वयनी, त्याचा प्रश्न बरोबर होता. शब्द चुकला. आपल्याकडे आत काहीही बसवलं की त्याला तांबीच म्हणतात, आणि तांबी म्हणजे पोरं थांबवायची. तुझ्या आत तांबी नाही. तुझ्या आत रिंग आहे.

आठव. फेब्रुवारी २००६, आपल्या गावच्या शाळेत शिबिर. तू मला पडवीत ओढून कानात सांगितलंस, 'अंग बाहेर येतं. शैलेशच्या वेळेपासून येतं.' शैलेश महिन्याचाही झाला नव्हता तेव्हा मिठागरावर मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहत होतीस तू, मी बघितलंय. म्हणजे वीस वर्षं ती खाली उतरलेली पिशवी हाताने आत ढकलून, कासोटा आवळून तू बाजार केलास! मी तुला हाताला धरून कर्णिकबाईंपुढे नेलं. ऑपरेशनला तू नाही म्हणालीस, म्हणून बाईंनी बांगडीएवढी एक रिंग आत बसवली, अंग वर धरून ठेवायला. पाच मिनिटांचं काम. उठून चाललीस आणि म्हणालीस, 'अगो बाय, हलकं वाटतं.' तुझा तो चेहरा मला अजून दिसतो.

ती रिंग विरघळत नाही, जिरत नाही. तिला दर तीन महिन्यांनी काढून, धुऊन, आतली जागा बघून परत घालायची असते. तुझ्या आत ती साडेतीन वर्षं तशीच आहे. घासून घासून जखम झाली आहे, तिच्यात पू झाला आहे, म्हणून वास आणि म्हणून रक्त. माझा अंदाज हाच होता, आणि समृद्धीने उशाशी पाटी म्हटलं त्या क्षणी आला होता.

मग तीन महिन्यांनी तू का नाही आलीस दाखवायला? एवढी कसली गं बेफिकिरी?

येत्या मंगळवारी ये. पडदा असेल, दार लावलेलं असेल, आत फक्त कर्णिकबाई आणि एक सिस्टर. ती मी नको असेन तर दुसरी देते, मी बाहेर बसेन. काय विचारायचं ते मी बाईंना आधीच सांगून ठेवलंय, तुला तोंड उघडायलाही लागणार नाही. बाजाराला निघतेस तशी नीघ, म्हणजे कोणी विचारणार नाही.

भामा

---

१७ सप्टेंबर २००९

जनीवयनी,

तुझं उत्तर समृद्धीने हातात दिलं आणि तोंड फिरवून उभी राहिली. तिनेही वाचलं होतं. 'तूच बोललीस, बसली आता, इसरून जा. मी इसरले. आता जे व्हायचं ते होऊ दे, माझी आय पण अशीच गेली.'

खरंय. मीच बोलले.

त्या दिवशी शाळेत अकरा बायांना रिंगा बसवल्या, आणि टेबलावरून उतरणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारून मी म्हणत होते, 'बसली बघ, आता विसरून जा!' धीर द्यायला म्हणतो ना आपण, तसं. माझ्या तोंडी ते वाक्यच बसलेलं. तीन महिन्यांनी या, असं बाईंनी सांगितलं असेल, पण इंग्रजी-मराठीत, हात धुता धुता. तुम्ही ऐकणार कोणाचं? आपल्या गावच्या भामाचं. भामा म्हणाली विसरा, तर विसरलात. यात बेफिकिरी तुझी नाही. मागच्या पत्रात ते लिहिलं, ते मागे घेते.

आता पुढचं. हे लिहायला दोन दिवस लावले मी, तेव्हा नीट वाच.

अकरा नावं माझ्याकडे वहीत होती. मे महिन्यात बोलावणं पाठवायचं काम माझं होतं. दहा जणींना मी पाठवलं. जी आली नाही तिच्या घरी गेले, एकीला तर शेतातून उचलून रिक्षात घातली. दहाच्या दहा जणींच्या रिंगा वेळेवर बदलल्या. अकरावं नाव तुझं.

मे महिना आठवतो ना? समृद्धीचं लग्न ठरलेलं, साखरपुड्याच्या चार दिवस आधी ती बॅग घेऊन माझ्या दारात आली, 'आत्या, मला शिकायचंय,' म्हणाली. मी तिला परत पाठवली नाही, नर्सिंगचा फॉर्म भरला. तू माझ्या बिल्डिंगखाली येऊन चार मजल्यांना ऐकू जाईल असं ओरडलीस, की नवरा खाल्ला देवाने आणि लेक खाल्ली नणंदेने. मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी वही उघडली तेव्हा तुझ्या नावावर पेन थांबलं. मनात म्हटलं, गरज असेल तर येईल झक मारत. आणि नावावर रेघ मारली. चूक नाही ती वयनी, चुकून झालेलं नाही. मला पुरतं ठाऊक होतं त्या रिंगेचं काय होतं ते. पहिले काही महिने रोज आठवायचं. मग मी म्हटलं, दुसरीकडे काढून घेतली असेल. मग आठवायचंच बंद झालं. पंचवीस वर्षांची नोकरी माझी, सगळ्या पनवेलला मी शिस्त शिकवते, आणि हे केलंय मी.

मला माफ कर असं लिहिणार नाही. मला लाज वाटते, एवढं लिहिते. माझ्यावरचा राग खुशाल ठेव, जन्मभर ठेव, पण तो धरून पडवीत झिजत बसू नकोस. तो राग इकडे घेऊन ये आणि माझ्या तोंडावर फेक.

तुझ्या आईचं म्हणशील तर तिला काय झालं होतं हे कोणी बघितलंच नाही, म्हणून ती 'अशीच' गेली. तुझं काय आहे ते मी सांगू शकते. जखम नक्की आहे. ती भरते, मी शेकड्यांनी भरलेल्या बघितल्यात. कॅन्सर आहे का? बहुतेक नाही, पण तुकडा काढून तपासल्याशिवाय कोणी छातीवर हात ठेवून सांगू नये, मीसुद्धा नाही. उशीर केलास तर रिंग लघवीच्या किंवा शौचाच्या वाटेपर्यंत भोक पाडू शकते. हे घाबरवायला लिहिलेलं नाही. तुला खरं सांगणारं एक माणूस तरी असावं, आणि तीन वर्षं मी ते नव्हते.

मंगळवार बावीस तारीख. घट बसलेले असतील, तरी ये. देवी काही म्हणणार नाही. म्हणाली तर माझं नाव सांग.

भामा

---

६ ऑक्टोबर २००९

वयनी,

दहा दिवस तू माझ्या वॉर्डात होतीस आणि आपण बोललो किती? तू: "सिस्टर, पाणी." मी: "घ्या." तू: "सिस्टर, ही सुई अजून किती दिवस?" बावीस नंबरची म्हातारीसुद्धा मला 'गो भामे' म्हणते आणि तू सिस्टर! बरं, म्हण. साडेआठच्या एसटीतून उतरलीस ना, माझं काम तिथेच झालं. पाटी डोक्यावर घेऊन उतरलीस, रिकामी. मी ती घ्यायला हात पुढे केला तर दिली नाहीस, पण मागून चालत आलीस.

जे तोंडाने बोलता आलं नाही ते आता लिहिते, कारण तुझ्या अंगाला काय झालं हे तुला कळायला हवं.

रिंग एका बाजूला मांसात रुतली होती, वर कातडी आली होती. म्हणून लगेच ओढली नाही. दोन दिवस ती पिवळ्या औषधात भिजवलेली पट्टी आत ठेवली, मलम लावलं, सलाइनमधून औषध दिलं. तुझी साखरही वाढलेली निघाली, दोनशे चाळीस, म्हणजे ती वेगळी भानगड. तिसऱ्या दिवशी थोडी भूल देऊन बाईंनी रिंग कापून काढली. ट्रे माझ्याच हातात होता. बसवताना पांढरी होती, निघाली ती चहाच्या गाळण्यासारखी काळपट. वास आला तेव्हा नव्या आयाने पदर नाकाला लावला. तिला मी बाहेर काढलं, आणि दारामागे घेऊन असं काही सुनावलं की ती आता कुठल्याच बाईसमोर पदर लावणार नाही. भोक कुठेही पडलेलं नाही. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मी रडत नाही, तुला माहीत आहे. दादा गेला तेव्हाही सगळ्यांना चहा करून दिला होता मी.

रोजची पट्टी बदलायला तू मला हात लावू दिला नाहीस. पहिल्या दिवशी पाय जुळवून भिंतीकडे वळलीस. म्हणून समृद्धीच्या कॉलेजात बोलून तिची ड्यूटी आमच्याकडे लावून घेतली. मला वाटलं, लेकीसमोर तू आणखी लाजशील. पण ती काय बोलली ते मी पडद्याबाहेरून ऐकलं. "आई, मी याच वाटेने आलेय ना? मग मला बघायला काय झालं?" आणि तू हसलीस. वयनी, तुझं हसू मी साडेतीन वर्षांनी ऐकलं.

पोरीचा हात हलका आहे. आधी सांगते, मग हात लावते, आणि दुखलं की थांबते. मला हे यायला दहा वर्षं गेली. पाचव्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईने तुला विचारलं, 'ही नर्स कोण तुमची?' तेव्हा तू म्हणालीस, 'माझी लेक. शिकवलीय तिला.' शिकवलीय! मी सुईत औषध भरत होते, हसू दाबायला मान खाली घातली.

आता घरची कामं. मलम आठवड्यातून दोनदा, झोपताना, समृद्धीने दाखवलं तसं. साखरेची गोळी जेवणाआधी, चुकवायची नाही. पाटी, हंडा, तांदळाची गोण, काहीही उचलायचं नाही. शैलेशला दोन हात आहेत. फडकी उन्हात. परसात, उघडी, सगळ्या गावाला दिसतील अशी. तपासायला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला की मी स्वतः कळवते, चांगला असो की वाईट, त्याच दिवशी.

भामा

---

१४ ऑक्टोबर २००९

जनीवयनी,

कॅन्सर नाही.

पाकीट बाईंच्या आधी मीच फोडलं, त्या ओरडल्या, ओरडू देत. दोनदा वाचलं, मग त्यांच्याकडून वाचून घेतलं. नाही म्हणजे नाही. जुनी सूज आणि जखम, बाकी काही नाही. दिवाळी कर. करंज्या खाऊ नकोस, साखर आहे तुला, पण कर.

आता पुढचं ठरवायचं तू. जखम भरत आली आहे. मग रस्ते दोन. परत रिंग बसवायची आणि दर तीन महिन्यांनी माझं तोंड बघायचं. किंवा ऑपरेशन: खालूनच पिशवी काढायची आणि आतला भाग टाके घालून वर उचलायचा, पोटावर चिरा नाही. चार-पाच दिवस वॉर्ड, तीन महिने जड उचलायचं नाही. कर्णिकबाई म्हणतात साखर आटोक्यात राहिली तर ऑपरेशन करून टाकावं. मलाही तेच वाटतं. पण अंग तुझं आहे, आणि साडेतीन वर्षांपूर्वी मी तुझ्यासाठी फार पटकन ठरवलं होतं. या वेळी विचार, भांड, वेळ घे.

ऑपरेशनच म्हणत असशील तर नऊ नोव्हेंबरला, सोमवारी, टेबल रिकामं आहे. आधी कागदावर घरच्या माणसाची सही लागते. शैलेशला त्या दिवसाची सुट्टी टाकायला सांग.

आणि एक. आता कोणाला रिंग बसवली की मी तिच्या हातात तारखेचं कार्ड देते, तिच्याकडून ती तारीख तीनदा म्हणवून घेते, आणि मगच टेबलावरून उतरू देते. बाया वैतागतात. वैतागू देत.

भामा

---

१ नोव्हेंबर २००९

भामा,

तुजी सगली पत्रं ठेवलीत. पयलं पण. चुलीत नाय घातलं.

आपरेशन करायचं. साकर एकशेतीस आली, समृद्धीने मोजली. ती दिवालीला चार दिवस व्हती. मोठी झाली पोर. शैलेशला बोलली, आयला पाणी तू भरून दे, तर भरतो मुकाट्याने.

माजा राग हाय तो हाय. नावावर रेघ मारलीस ते वाचून मी पत्र भुईवर टाकलं नि दिसभर त्याच्यावरून चालले. मग उचललं. तू नसतं लिवलंस तर मला कदी कललंच नसतं. का लिवलंस ते इचार करत बसले. अजून करते.

मी पण बोलले व्हते तुज्या बिल्डिंगखाली. ते वाईट बोलले. ते खोटं व्हतं, तवाच मला म्हाईत व्हतं.

फडकी परसात उगडी वालतात. गुणाबाय बघून गेली. दुसऱ्या दिवशी येऊन कानात बोलली, माजं पण अंग येतं गो. तिला सोमवारी संग आणते, तिला तपासून घे. तिला आधी पडद्याआड ने, मग काय ते इचार.

शैलेशला सुट्टी नाय घ्यायला लावली. कागदावर घरच्या माणसाची सही तू कर.

जनी